आजोबांची मेडलं वाटायची की एकत्र ठेवायची?

म्हापशेकार:
आमचे आजोबा गोव्यातल्या पेडण्याचे, पण तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीपलीकडे जाऊन मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. १९३९-४५ स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल, तिन्ही आजीच्या कपाटात. आता मामा म्हणतो एक मला, मावशी म्हणते एक मला, चवथीला सगळे जमले की वाटणी होणार असं दिसतंय. मला पटत नाय, पण बोलू कसं?

सत्तरीवालो:
आजी आहे ना, मग तिलाच ठरवू दे, बाकीच्यांनी गप्प बसायचं. तोंडी नको, मृत्युपत्रात लिहून घ्या. गोव्यात मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो, उरलेल्या अर्ध्यातून ती कुणालाही देऊ शकते, मेडलं त्यात सहज बसतात. आणि मामाला रेप्लिका द्या की, भिंतीवर काय फरक पडतो!

फोंडेकर७०:
ब्रासो अजिबात लावू नका. स्टार पितळेसारख्या धातूचे असतात, घासून घासून कडा आणि अक्षरं झिजतात. पीव्हीसीची पाकिटंपण नकोत, पावसाळ्यात आत ओल धरते. सुती कापड, सिलिका जेल, बस्स. इटली स्टारची लाल-पांढरी-हिरवी रिबन उन्हात फिकी पडते, फ्रेम खिडकीसमोर लावू नका.

म्हापशेकार:
आजीला विचारलं, म्हणाली डिस्चार्जचे कागदपण त्याच डब्यात ठेव आणि डबा तूच सांभाळ. मामा अजून फुगलेलाच आहे.