शब्दचर्चा : ‘स्वमग्न’ नको, तर मग काय? आणि ‘आपलं गाऱ्हाणं’ चालेल का?

वेंगुर्ला (प्रश्न)

आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतो. चौघं ऑटिस्टिक, म्हणजे जन्मापासून मेंदूची घडण वेगळी असलेले; मराठीत आम्हाला ‘स्वमग्न’ म्हणतात. त्यात मी एक. बाकीची घरची माणसं. दिवाळीनंतर जरा मोठी भेट ठरवली आहे. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडूनही कोणी यावं म्हणून पत्रक काढतोय, आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली. एका काकांनी ‘स्वमग्न व्यक्तींचा मेळावा’ असं लिहून आणलं होतं. आमच्यातल्या दोघांनी कागद वाचला आणि काही न बोलता परत दिला.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. एखादा शब्द खुपला की तो माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हा तर चार वर्षं खुपतोय. सत्ताविसाव्या वर्षी निदान झालं तेव्हा मी डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसले होते, आणि ते माझ्या दादाला विचारत होते, “हिला झोप नीट लागते का?” कागदावर लिहिलं, स्वमग्न.

मग्न म्हणजे बुडालेला. मी कशात बुडालेली असते? उलट बाहेरचं सगळं माझ्यावर एकदम येतं. मासळीबाजारात उभी राहिले की कोयतीचा आवाज, बर्फ फोडण्याचा आवाज, डोक्यावरच्या पंख्याची घरघर, मागे दोघींची भावावरून चाललेली घासाघीस, ओल्या फरशीवरची चमक, सगळं सारख्याच जोरात. त्यातलं एकही मागे सरत नाही. बांगड्याचा भाव विचारायचा असतो आणि तोंडातून शब्द निघत नाही. बघणाऱ्याला वाटतं, ही आपल्यातच आहे.

दुसऱ्या गोष्टीला तर आमच्याकडे शब्दच नाही. सेल्फ-ॲडव्होकसी. आपल्याला काय हवं, काय नको, कशाने त्रास होतो हे दुसऱ्याने आपल्या वतीने न सांगता आपणच सांगायचं, आणि आपल्याबद्दल काही ठरत असेल तिथे आपण असायचं. ‘स्ववकिली’ म्हटलं की कोर्ट डोळ्यांपुढे येतं. ‘स्वसमर्थन’ म्हटलं की काहीतरी चुकलंय आणि मी त्यावर पांघरूण घालतेय असं वाटतं. ‘आपली बाजू मांडणे’ जवळचं आहे, पण बाजू मांडायला आधी भांडण लागतं. कोणाला काही सुचतंय का?

दापोली, निवृत्त शिक्षक

ताई, पहिल्या शब्दाचं मूळ सांगतो. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. ऑइगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९११ च्या सुमारास त्यावरून ‘ऑटिझम’ हा शब्द रूढ केला, तोही स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांबद्दल. जगापासून तुटून आत वळणं या अर्थी. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांचं वर्णन करताना हाच शब्द उचलला. म्हणजे शब्द दुसऱ्याच आजाराच्या घरून आलेला, आणि नाव ठेवणारा बाहेर उभा राहून बघणारा. ‘मग्न’ आपण मराठीत जोडलं. ऑटिझमसह काही अपंगत्वांसाठी असलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात ‘स्वपरायणता’ आहे. कर्तव्यपरायण, धर्मपरायण या चालीवर स्वपरायण वाचून बघा, सरळ आपमतलबी वाटतो. त्या मानाने आपला ‘मग्न’ मवाळ. भजनात मग्न, कामात मग्न असं आपण कौतुकानेच म्हणतो. पण तुम्ही बाजारातलं सांगितलंत ते वाचून माझं मत बदललं. जो शब्द माणसाच्या अनुभवाच्या नेमका उलटा आहे, तो मवाळ असून काय उपयोग?

मला त्याहून जास्त खटकतो ‘ऑटिझमग्रस्त’. वर्तमानपत्रांत सर्रास येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्या तालुक्यात माडपोफळी आडव्या झाल्या, माझ्या घरावरची कौलं उडाली. आम्ही वादळग्रस्त झालो. पंचनामा झाला, कौलं पुन्हा चढली. आज मला कोणी वादळग्रस्त म्हणत नाही. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणं; खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. बाहेरून काहीतरी येतं, गिळतं, आणि सुटका झाली की माणूस मोकळा होतो. पूरग्रस्त, कर्जग्रस्त, दुष्काळग्रस्त हे सगळे शब्द त्याच घडणीचे. जन्मापासून ज्याचा मेंदू तसाच घडला आहे, त्याला कोणी गिळलंय? त्याने सुटून जायचं कुठे? तुमच्या पत्रकात ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ हे दोन शब्द येणार नाहीत एवढं कृपा करून बघा.

रत्नागिरी

थोडं व्यवहाराचं. मी दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज भरायला मदत करतो. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात तो आला. शासकीय मराठीत ‘स्वमग्नता’ हाच शब्द रूढ आहे. पत्रकात काहीही लिहा, पण अर्जात तिथला शब्दच लिहा, नाहीतर खिडकीवर कागद परत येतो. पत्रकात खाली कुठेतरी कंसात ‘स्वमग्न’ असू द्या. ज्या आईबापांना कागदावरचा तेवढाच शब्द माहीत आहे त्यांना कळायला हवं की हे आपल्यासाठी आहे.

मालवण, एक आई

गो बाय, तुझां लिवलेलां वाचून बरां वाटलां. पण एक विचारते. तू लिहिलंस, ‘आपणच सांगायचं’. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तोंडाने पाच-सहा शब्द बोलतो. तो तुझ्या या शब्दात बसतो की बाहेर राहतो?

त्याच्या थेरपीच्या ठिकाणी आम्हाला चित्रांचा तक्ता करून दिला होता. पाणी, भात, शू, टीव्ही, झोप, गाडी. चोवीस चित्रं, सगळी मागण्याची. दोन वर्षं तो तक्ता आमच्या फ्रीजवर होता. एक दिवस शर्ट घालताना त्याने स्वतःचा हात चावला, मी त्याला धरून ठेवलं आणि तक्त्याकडे बघत म्हटलं, “काय हवंय ते दाखव ना रे.” आणि तेव्हा दिसलं, त्यात ‘नको’ कुठेच नव्हतं. नको म्हणायला त्याच्याकडे फक्त दात होते. आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

त्याच रात्री बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तीन चौकोन केले. लाल, ‘माका नको’. पिवळा, ‘थांबा’. निळा, ‘घराक जावया’. पहिल्या आठवड्यात लाल चौकोन दिवसाला तीस-चाळीस वेळा. भात नको, शर्ट नको, मामा आला तर मामा नको. सोपं नव्हतं. पण हात चावणं कमी झालं. आता शेजारचं कोणी म्हणालं, “तेका काय कळता?” तर मी सांगते, तेकाच इचार.

शब्दाचं म्हणशील तर आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते आठव. सगळ्यांच्या वतीने एकजण देवाला सांगतो आणि दर ओळीला जमलेली माणसं म्हणतात, “व्हय म्हाराजा!” मी इतकी वर्षं त्याच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. डॉक्टरकडे, शाळेत, लग्नाकार्यात. आता त्याचं तो घालतो, पुठ्ठ्याने का होईना. ‘आपलं गाऱ्हाणं’ असं नाव ठेवलंस तर?

देवगड

काकी, गाऱ्हाणं ऐकायला फार छान आहे, पण मला पटत नाही. एक तर घाटावर त्याचा अर्थ फक्त तक्रार; पुण्याचा माणूस वाचेल तर म्हणेल, हे रडगाणं गायला जमतायत. दुसरं म्हणजे गाऱ्हाण्यात मागणं आहे, देणारा वर बसलेला आहे. मी ऑटिस्टिक आहे, आणि ऑफिसात खिडकीजवळची जागा मला कोणाच्या कृपेने नको. कायद्यानेच नोकरीच्या ठिकाणी वाजवी सोय मागता येते. ‘हक्क’ हा शब्द कुठेतरी यायलाच हवा.

आणि सेल्फ-ॲडव्होकसी मुळात आपण ऑटिस्टिक लोकांनीही शोधलेली नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांनी ती उभी केली. १९७४ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये त्यांनी ‘आम्ही आधी माणसं आहोत’ या अर्थाचं नाव घेऊन पहिला मेळावा भरवला. ऑटिस्टिक लोकांमध्ये जिम सिंक्लेअर १९९३ साली टोरंटोच्या परिषदेत पालकांसमोर उभं राहून म्हणाले, की आमच्यासाठी शोक करू नका. ज्यांना ‘तेका काय कळता’ म्हणत होते त्यांनीच हे सुरू केलं, म्हणून काकींचा मुलगा बाहेर राहायचा प्रश्नच येत नाही.

जाता जाता ‘न्यूरोडायव्हर्स’, म्हणजे मेंदूच्या बाबतीत विविध, या शब्दाबद्दल. लोक म्हणतात, ‘माझा मुलगा न्यूरोडायव्हर्स आहे’. एक माणूस विविध कसा असेल? एका कलमाला कोणी बाग म्हणत नाही. विविधता सगळ्यांची मिळून. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द नव्वदच्या दशकात ऑटिस्टिक माणसांच्या आपसातल्या चर्चांतून पुढे आला, १९९८ च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या लिखाणातून तो रुळला. एकट्या माणसाला म्हणायचं तर न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेला. मराठीत मी ‘मेंदूंची विविधता’ म्हणतो आणि मुद्दाम अनेकवचन ठेवतो. हापूसची कलमं हजार लावली तरी चव एक; रायवळचं दर झाड वेगळं. आपण सगळे मिळून ती रायवळची राई आहोत, ज्यांना ‘नॉर्मल’ म्हणतात तेसुद्धा.

वेंगुर्ला

सगळ्यांचे आभार. काका, ‘ग्रस्त’ कुठेच येणार नाही. रत्नागिरीकरांचा कंस घेतला. स्वतःला मी ‘ऑटिस्टिक’च म्हणते, इंग्रजी असला तरी तो आम्ही घेतलेला आहे, आम्हाला चिकटवलेला नाही. आमच्यातल्या एकाला ‘ऑटिझम असलेला’ आवडतं, त्याला तसंच म्हणतो.

देवगडच्या दादाचा आक्षेप खरा आहे, म्हणून नावात गाऱ्हाणं घेत नाही. पण काकी, मी त्यातला दुसरा भाग सोडायला तयार नाही. सांगणाऱ्याला आमच्यात तोटा नाही. ‘व्हय’ म्हणणारे मिळत नाहीत. ट्यूबलाइट कुरकुरतेय म्हटलं की समोरचा वर बघतो आणि म्हणतो, मला तर काही ऐकू येत नाही. मागच्या रविवारी आमच्यातल्या एकीने हेच सांगितलं. तिच्या मावसभावाने उठून बटण बंद केलं, आणि आम्ही खिडकीच्या उजेडात बसलो. कोणी तपासून पाहिलं नाही, कारण विचारलं नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं, एकट्या ऑटिस्टिक माणसाच्या डोक्यात नसतं. म्हणजे समजून घ्यायचं कामही दोघांचं.

तर पत्रकाची ओळ अशी : ‘आपलं आपण सांगू. ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसं, त्यांची घरची माणसं आणि व्हय म्हणणारे, सगळ्यांची भेट. बोलून, लिहून, चित्र दाखवून, कसंही सांगा. तो आपला हक्क आहे.’ ‘मेळावा’ काढला. त्या शब्दातच लाउडस्पीकर आहे.

काकी, लाल चौकोनाचा एक फोटो पाठवाल? मापासकट. दाराशी टोपलीत वीसेक ठेवीन म्हणते, बोलणाऱ्यांसाठीसुद्धा. मला स्वतःला एक हवा आहे.

मालवण

फोटो कित्याक, खरेच धाडतंय. माझो झील म्हणता तो कापूक बसतलो. पिवळो पण ठेव गो.