आईचा 'डेंग्यू' डेंग्यू नव्हताच. डॉक्टरांना आम्ही काय सांगायला हवं होतं?

डिचोलीकरीण:
चवथीच्या दोन दिवस आधी आई (६२, मधुमेह आहे) माटोळीसाठी (गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं टांगतात ती) कांगलां, घागऱ्यो आणायला कुळागरामागच्या (सुपारी-नारळाच्या बागेमागच्या) झुडपांत शिरली. ऐकते थोडीच! दहा-अकरा दिवसांनी थंडी वाजून ताप. पहिल्या डॉक्टरांनी 'व्हायरल' म्हणून गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स ८५ हजारांवर आल्या, तेव्हा दुसरीकडे अ‍ॅडमिट केलं. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह, तरी केसपेपरवर 'डेंग्यू?' असं लिहिलं गेलं. रात्रपाळीला आलेल्याने ते उतरवताना प्रश्नचिन्ह गाळलं, आणि सकाळपासून सगळेच डेंग्यू म्हणायला लागले.

नवव्या दिवशी धाप लागली. तिसऱ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून आईला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. परकराच्या नाडीखाली काळी खपली, उदबत्तीचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस! झुडपांतला बारीक किडा चावून येणारा ताप; खपली त्या चाव्याची. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि दीड दिवसात ताप उतरला.

गंमत म्हणजे खपली आईला ठाऊक होती. "दुखत नव्हती. नाडी घासली असेल म्हटलं."

भांडायचं नाहीये. पुढच्या वेळी आपल्या बाजूने काय करावं?

फोंड्याची माई:
बाय, ३१ वर्षं नर्सिंग केलं, म्हणून सांगते. ताप कोणत्या तारखेला आला, त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत कुठे कुठे गेलो, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे एका कागदावर लिहून न्यायचं. तोंडी सांगताना निम्मं राहतं, आणि दर पाळीला नवा माणूस असतो. दोन दिवसांत उतार नसेल तर शांतपणे विचारायचं, "हे नसलं तर दुसरं काय असू शकेल?" चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर तेही कळलं.

आणि आपल्या बायका अंग दाखवत नाहीत. ही खपली काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला, नेमकी झाकलेल्या जागी असते. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटत असेल तर निदान सिस्टरला दाखवा.

लॅबवाला_म्हापसा:
दुसऱ्या डॉक्टरांची थोडी बाजू घेतो. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत भरवशाची, नंतर सापडेनाशी होते. त्यामुळे सहाव्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असं त्यांनाही म्हणता येत नव्हतं. स्क्रबची आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी) उलट पहिल्या आठवड्यात बरेचदा निगेटिव्हच येते. प्लेटलेट्स दोन्हींत उतरतात. रक्त देताना तापाचा कितवा दिवस ते फॉर्मवर लिहून घ्या. आमच्याकडे दहातले आठ फॉर्म त्याविना येतात.

वाळपईकर:
२०१५ ला आमच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आला, तेव्हापासून आमच्याकडे काजूच्या दिवसांत ताप म्हटला की आधी "रानात गेलेलास?" तो गोचिडीमुळे, हा त्याहून बारीक किड्यामुळे, पण प्रश्न तोच. तुमच्या आईला कोणी विचारलं नाही?

डिचोलीकरीण:
माई, कागद नाही, वहीच केली. आईच्या उशाशी ठेवलीय.
वाळपईकर, विचारलं होतं हो. "बाहेर कुठे गेला होता का?" असं. आई म्हणाली, "कुठे नाही, घरीच." तिच्या लेखी कुळागर म्हणजे घरच.