आप्पांची सीडी आणि टकटक करणारा ड्राइव्ह

(सोसायटीचा ग्रुप, जळगाव. रविवार, अखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधीचा.)

महाजन आप्पा, ए-१०२ (सकाळी ८:१२)
नमस्कार मंडळी. जुन्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह बिघडलाय, कुणाला समजत असेल तर सांगा. दोन दिवस सीडी आत घेतली की टक टक टक करायचा आणि ‘डिस्क टाका’ म्हणायचा. डिस्क तर आतच. काल संध्याकाळपासून माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हचं चित्रच गायब. ट्रे पण बाहेर येत नाही.

बऱ्हाटे, बी-२०४
आप्पा, आजच्या जमान्यात सीडी? भंगारवाला बुधवारी येतो भो 😄

वाणी (सेक्रेटरी)
सूचना: आज नळाचं पाणी आहे. मोटर ११ ला सुरू होईल. टाकी भरून वाहू देऊ नये.

महाजन आप्पा
बऱ्हाटे, भंगारात द्यायला हरकत नाही, पण आत आईची सीडी अडकलीय. २००५ च्या अखाजीला गावच्या फोटोवाल्यानं शूटिंग केलं होतं. आई खापरावर मांडे टाकतेय, पोरी झोक्यावर गाणी म्हणतायत. मंगळवारी ताई माहेरी येतेय, तिला दाखवायचंय. दुसरी कॉपी नाही.

बऱ्हाटे, बी-२०४
अरे बाप. सॉरी आप्पा. मग कोल्हे सरांना विचारा, त्यांचा कॉम्प्युटरचा, एमएससीआयटीचा क्लास होता.

कोल्हे सर, बी-१०१ (८:४१)
आलो. आप्पा, आधी काहीच उपटू नका. कॉम्प्युटर बंद करून चालू करा, काळ्या पडद्यावर अक्षरं दिसली की डिलीट बटण दाबत राहा. निळी-करडी पाटी येईल, तिला बायोस म्हणतात. तिथे प्रायमरी मास्टर, सेकंडरी मास्टर अशा ओळी असतात. कुठल्या ओळीसमोर ड्राइव्हचं नाव आहे का, त्याचा फोटो टाका. बाकी काही बदलू नका.

नेहा, ए-३०३
सर, ड्राइव्हमागचा जंपर, ती पिनांवरची छोटी टोपी, चुकीच्या जागी असेल का? मास्टर-स्लेव्ह?

कोल्हे सर
जंपर आपोआप हलत नाही गं. कॅबिनेट कुणी उघडलं असतं तर तो संशय घेतला असता.

महाजन आप्पा (९:०५)
फोटो टाकला. सेकंडरी मास्टरसमोर नाव आहे. पण तारीख १ जानेवारी २००२ दाखवतोय.

कोल्हे सर
तारखेचं सोडा, ती मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलीय. सीआर २०३२ नंबरची, घड्याळवाल्याकडे मिळते, नंतर बदलू.

नाव दिसतंय ही मात्र चांगली बातमी. विंडोज उठायच्या आधी बायोस स्वतः ड्राइव्हला हाक मारतो. ड्राइव्हनं ओ दिली म्हणजे केबलमध्ये, सप्लायमध्ये आणि त्याच्या सर्किटमध्ये जीव आहे. तुमच्या रेल्वेच्या लोको शेडच्या भाषेत, इंजिन चालू आहे, गाडीला सिग्नल मिळत नाहीये. बायोसलाच नाव दिसलं नसतं तर मी आधी केबल दाबायला सांगितली असती.

आता खरं सांगा, काल दुपारी काय केलं होतं?

महाजन आप्पा
मी नाही, भाच्यानं. सीडी बर्न करायचं जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यामुळेच अडचण असेल म्हणून त्यानं काढून टाकलं.

कोल्हे सर
हं. सापडला. क्लासमध्ये हे दुखणं मी इतक्या वेळा पाहिलंय की काय सांगू. ती बर्निंगची सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधे आपली एक चाळणी (फिल्टर) बसवतात. सॉफ्टवेअर काढलं तरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्या चाळणीचं नाव राहतं. विंडोज ती शोधत बसतं, सापडत नाही, मग ड्राइव्हच दाखवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळं उद्गारचिन्ह असेल, डबल क्लिक केलं की बहुतेक कोड ३९ म्हणेल. बघा.

महाजन आप्पा
हो!! ३९.

कोल्हे सर
आता शांतपणे. रन मध्ये रेजएडिट टाइप करा. लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं उतरत जा. क्लासमध्ये कंसातल्या आकड्यांचे खूप फोल्डर दिसतील. आपल्याला ४डी३६ई९६५ ने सुरू होणारा पाहिजे. उजवीकडे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज’ लिहिलेलं असेल तरच पुढे जा. आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक, एक्स्पोर्ट, डेस्कटॉपवर ठेवा. मग उजवीकडच्या यादीत अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नावाच्या ओळी असतील, दोन्ही किंवा एकच. तेवढ्याच उडवा. फोल्डर उडवायचा नाही.

चौधरी वहिनी, ए-२०१
मला वाचूनच घाम फुटला. त्यात उन्हाळा.

वाणी (सेक्रेटरी)
मोटर सुरू केली आहे.

महाजन आप्पा (१०:५०)
एकच ओळ होती, अप्परवाली. उडवली. रीस्टार्ट केला. चित्र आलं 🙏🙏 ट्रे मात्र अजून निघत नाही. बटण दाबलं की घर्रर्र करून गप्प.

कोल्हे सर
ते दुसरं दुखणं, पहिल्याशी संबंध नाही. लोक दोन्ही एकात घालतात आणि नवा ड्राइव्ह आणून बसतात. तुमचा तर जुन्या चपट्या केबलचा, तसा आता जुनाच शोधावा लागेल, गोलाणी मार्केटमध्ये एखाद्या रिपेअरवाल्याकडे पडलेला मिळाला तर.

ट्रेच्या खाली सुई जाईल एवढं भोक आहे ना? कॉम्प्युटर बंद, प्लगसुद्धा काढा. यू पिन सरळ करून भोकात सरळ घाला, तिरपी नको. आत काहीतरी अडेल, तिथे जोर द्या. ट्रे बोटभर पुढे येईल. मग हातानं सावकाश ओढा. अडला तर थांबा.

महाजन आप्पा (११:२०)
आला. थोडा अडला, मग आला. फोटो बघा.

नेहा, ए-३०३
अय्या, गुलाबाचं स्टिकर आणि गणपती! किती गोड. पण कोपरा उचकटलाय.

महाजन आप्पा
फोटोवाल्यानं सीडीवर कागदी स्टिकर लावलं होतं, त्याची एक बाजू सुटून वर वळलीय. डिंक खाली चिकट-चिकट झालाय.

कोल्हे सर
म्हणजे टकटक कुठून येत होती ते कळलं. आत सीडी जोरात फिरते. ५२ एक्सचा ड्राइव्ह पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारतो. त्या वेगात सुटलेला कागद वरच्या पत्र्याला घासतो, डिस्क डुगडुगते, लेन्सला नेम धरता येत नाही. ड्राइव्ह पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तोच तो टक टक. शेवटी डिंक सीडी दाबून धरणाऱ्या वरच्या चकतीला चिकटला आणि ट्रे अडकला. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये स्टिकरचा डिंक पातळ होणारच. कॉम्प्युटर कूलरच्या तोंडाशी असेल तर दमटपणाही आला.

चौधरी वहिनी, ए-२०१
आप्पा, खोबरेल तेल लावून ठेवा अर्धा तास. बरण्यांची लेबलं मी तशीच काढते. अख्खं स्टिकर सोलून निघतं.

कोल्हे सर
वहिनी नको!!! आप्पा थांबा, हात लावू नका!!!

महाजन आप्पा
नाही लावला. काय झालं?

कोल्हे सर
माफ करा, ओरडल्यासारखं झालं. सीडीत आपली माहिती कुठे असते? सगळ्यांना वाटतं खालच्या चकचकीत बाजूला. तिथे तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड पारदर्शक प्लास्टिक आहे. माहितीचा थर त्या प्लास्टिकच्या वर, म्हणजे स्टिकरच्या बाजूला आहे, आणि त्यावर फक्त चंदेरी मुलामा आणि लाखेचा पातळ हात. स्टिकर सोललं की त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्राही निघून येतो. क्लासमध्ये एका मुलानं काढला होता, डिस्क बल्बसमोर धरली तर आरपार दिसत होतं. डीव्हीडीत थर दोन प्लास्टिकांच्या मधे असतो म्हणून ती थोडी सुरक्षित. ही व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओवाली सीडी आहे.

सुटलेला भाग बोटानं अलगद दाबून बसवा. नाही बसला तर कात्रीनं फक्त वर वळलेला कागद कापा, डिस्कला टोक लागू देऊ नका. नवा डिंक, टेप काही नाही.

चौधरी वहिनी, ए-२०१
बापरे. बरं झालं बोललात. बरणी आणि सीडीत फरक आहे म्हणायचा.

महाजन आप्पा
खालची बाजू पुसू का? बनियनच्या कापडानं?

कोल्हे सर
मऊ, धुतलेलं असेल तर पुसा. गोल गोल नाही, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या रेषेवर लांबलचक पडतो. आडव्या ओरखड्याला ड्राइव्ह सांभाळून घेतो.

बाकी ऊन उतरल्यावर मी येतो. आत डिंक राहिला असेल, ड्राइव्ह उघडावाच लागेल. इअरबड आणून ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल माझ्याकडे आहे. सॅनिटायझर चालणार नाही, त्याचा चिकट थर राहतो.

(संध्याकाळी ६:४०)

नेहा, ए-३०३
मीपण गेले होते बघायला. सरांनी ड्राइव्ह उघडला, आत वरच्या चकतीवर गुलाबाची पाकळी छापलेली होती! आणि लेन्स म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. त्यावर धूळ नाही, कापसाचे बारीक मऊ तंतू होते.

कोल्हे सर
जिनिंगच्या गावात राहून आणखी काय असणार. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, म्हणून बडचा नुसता स्पर्श केला, दाबलं नाही. सुकेपर्यंत दहा मिनिटं चहा. आणि कुणी घरी करणार असेल तर झाकण उघडं ठेवून वीज लावू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ दिसतच नाही, डोळ्यात गेला तरी पटकन कळत नाही.

बऱ्हाटे, बी-२०४
सर, सीडी चालली का ते सांगा ना आधी!

कोल्हे सर
चालली. म्हणजे पाहता आली, कॉपी होईना. ३८ व्या मिनिटाला ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’, म्हणजे वाचलेली माहिती जुळत नाही, म्हणून थांबायची. तिथेच ओरखडा आहे. गंमत बघा, व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून त्या भागातला दुरुस्तीचा एक जादा थर काढून टाकलेला असतो. साध्या डेटा सीडीच्या एका खणात २०४८ बाइट माहिती, बाकी जागा चूक सुधारायला. व्हीसीडीत त्याच खणात २३२४. म्हणून पाहताना चित्राला नुसता झटका बसतो, पण विंडोजला कॉपी करताना एक बाइटही चुकीचा चालत नाही.

नेहा, ए-३०३
मग माझा यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर आणला. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते म्हणे सर. आणि खरंच, माझ्यानं ३८ वं मिनिट बरंच वाचलं. जे वाचता येत नाही ते सोडून पुढे जाणाऱ्या सॉफ्टवेअरनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये तिची नक्कल घेतली. सुरुवातीला रायटर बंद-चालू होत होता. केबलचं दुसरं टोक पण यूएसबीत लावायचं असतं, मी विसरले होते, एका टोकातून वीज पुरत नव्हती.

कोल्हे सर
आप्पांना बजावलंय, आता मूळ सीडी पाकिटात. इमेजची एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक ताईंच्या घरी. दर वेळी सीडीच लावत बसायचं नाही.

महाजन आप्पा (७:१५)
पाहिली. दोन-तीन ठिकाणी चित्र अडखळतं, पण आवाज नीट आहे. आई मांडा हातावर मोठा करतेय आणि बांगड्यांचा आवाज येतोय, हे मी विसरलोच होतो. मधे फोटोवाल्याला ‘सरक बाजूले’ म्हणाली.

चौधरी वहिनी, ए-२०१
आप्पा, मंगळवारी आम्हालाही बोलवा. आमरस मी आणते.

बऱ्हाटे, बी-२०४
पत्ते मी आणतो. अखाजी आहे.

वाणी (सेक्रेटरी)
पत्ते गच्चीवर खेळू नयेत, मागच्या वर्षीची तक्रार आहे.

महाजन आप्पा
कोल्हे सर, एक विचारायचं राहिलं. वाटीत एक स्क्रू उरलाय.

कोल्हे सर
जाड आट्याचा की बारीक?

महाजन आप्पा
बारीक.

कोल्हे सर
मग तो ड्राइव्हचा. कॅबिनेटचे जाड असतात. उद्या सकाळी येतो, तोवर कॉम्प्युटर हलवू नका.