तीन पिढ्या, २३ माणसं, उन्हाळ्याचे आठ दिवस: आखणी कशी करावी?

पाऊलवाट (प्रश्न)

या उन्हाळ्यात चार घरांतली मिळून २३ माणसं आठ दिवस एकाच मोठ्या घरात राहणार आहेत. पाच मुलं दहा वर्षांखालची (धाकटं दीड वर्षाचं), तिघं पंधरा-सोळाची, चौघं सत्तरीपुढची (थोरले ८४ वर्षांचे), बाकी ११ मोठी माणसं. न्हाणीघरं दोन, गाड्या चार, घराजवळ तलाव.

एक-दोन सहली, आजी-आजोबांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग, जुन्या अल्बममधल्या साधारण ४०० फोटोंचं स्कॅनिंग आणि सगळ्यांचा एकत्र फोटो, एवढं करायचं आहे. खर्चाची वाटणीही आधीच ठरवायची आहे. अशा बेतात नेमकं कुठे बिनसतं आणि का, हे जाणकारांनी सांगावं. "मजा करा" सोडून काहीही चालेल.

दुपारची_सावली

आठ दिवस कागदावर मांडा आणि पहिला व शेवटचा लगेच खोडा. ते येण्याजाण्यात जातात. उरलेल्या सहांत दिवसभराची सहल एकच, ती तिसऱ्या दिवशी. अर्ध्या दिवसाची दुसरी सहाव्या दिवशी. मधले दिवस मोकळे वाटले तरी भरू नका, प्रवासाचा शीण लहान मुलांत आणि वृद्धांत दुसऱ्या दिवशी दिसतो.

रोजचं वेळापत्रक दीड वर्षाच्या बाळाची झोप आणि ८४ वर्षांच्या आजोबांची औषधं यांपासून सुरू करा. या दोन गोष्टी आधी लिहा, बाकीचं त्यांच्या मधल्या जागेत बसवा. उन्हाळ्यात हा हिशोब आपोआप जुळतो: सकाळी साडेदहापर्यंत एक कार्यक्रम, १२ ते ४ घरात, पाचनंतर दुसरा. दोन्ही सगळ्यांसाठी नकोत. सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट दिवसाला एकच, बाकी वेळी चार-पाच जणांचे गट आपापले जमतात. २३ जणांचा खेळ म्हणजे सहा जण खेळतात आणि सतरा जण बघतात.

सहलीच्या सकाळी घोळ होतो तो न्हाणीघरापाशी. २३ माणसं, प्रत्येकी १० मिनिटं, दोन न्हाणीघरं: ११५ मिनिटं, म्हणजे जवळपास दोन तास. सातला निघायचं तर पहिल्या माणसाला पाचला उठवावं लागेल. त्यापेक्षा निम्म्यांच्या आंघोळी आदल्या रात्री उरका आणि दोन तुकड्यांत निघा. चार गाड्या एकमेकींच्या मागे लावून नेऊ नका. मागचा चालक पुढची गाडी नजरेआड होऊ नये म्हणून सिग्नल तोडतो, नको तिथे ओव्हरटेक करतो. भेटण्याची जागा आणि वेळ ठरवा, प्रत्येक गाडी आपल्या चालीनं जाईल. नकाशावर दोन तास दिसले तर मुलं बरोबर असताना तीन धरा. दर दोन तासांनी १५ मिनिटांचा थांबा घ्या. ज्याला गाडी लागते त्याला दूरवर समोर बघायला सांगा, पुस्तक आणि फोन काढून घ्या. लहान मूल मागच्या सीटवर, त्याच्या वयाच्या चाइल्ड सीटमध्येच. मांडीवरचं मूल धडकेत हातांनी धरून ठेवता येत नाही.

स्वयंपाकाला १४ जण मिळतात: ११ मोठे आणि तीन किशोरवयीन. तिघा-तिघांच्या चार तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला दोन दिवस येतात. उरलेले दोघं खरेदी आणि हिशोब बघतील. एका तुकडीत एकाच घरातली माणसं नकोत. आत्या आणि भाच्याची गट्टी जमते ती कांदा चिरताना, फिरायला गेल्यावर नाही.

जुनी_पेटी

रेकॉर्डिंग आणि फोटो ही दोन वेगळी कामं समजू नका. फोटो आधी स्कॅन करा, मग तेच फोटो हातात देऊन बोलतं करा. "जुनं काहीतरी सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो किंवा तीच ठरलेली गोष्ट सांगतो. फोटोवर बोट ठेवून "या दारातून आत गेलं की डाव्या हाताला काय होतं?" विचारलं की अख्खं घर उभं राहतं.

एका वेळी एकच बोलणारा आणि एकच विचारणारा. तिसरा माणूस खोलीत आला की "अगं, तसं नव्हतं ते" सुरू होतं आणि दोन आवाज एकमेकांवर चढले की नंतर कुठलाच नीट वेगळा काढता येत नाही. बैठक ४०-४५ मिनिटांची, सकाळी, नाश्ता झाल्यावर. पंखा बंद, फ्रिजच्या भिंतीपासून लांब, पडदे आणि गाद्या असलेली खोली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि घुमलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. फोन विमान मोडवर ठेवा, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा (टेबलावर ठेवलेल्या कपाचा ठोका नाहीतर थेट आत जातो), तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर. शक्य असेल तर दुसरा फोनही चालू ठेवा. एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच पुढे जा. वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो घेतलीत तर मिनिटाला साधारण ८.६ एमबी, म्हणजे ४५ मिनिटांना ३९० एमबीच्या आसपास. आधी तेवढी जागा मोकळी करा.

सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची पूर्ण नावं बोलून घ्या. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. चांगली गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते. साल चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, वहीत टिपून ठेवा. एकदा टोकलं की पुढची अर्धी बैठक माणूस जपून बोलतो. हे कोण कोण ऐकणार आहे ते आधीच सांगून परवानगी घ्या, आणि एखादा भाग काढून टाकायला सांगितला तर काढा.

स्कॅनिंगचं थोडक्यात: कागदी फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला इतके बिंदू), पासपोर्ट आकाराच्या छोट्या फोटोला १२००. पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे १० × १५ सेंमीचा फोटो ६०० ला सुमारे २४०० × ३६०० पिक्सेलचा होतो आणि टिफ फाइल २६ एमबीची. ए-४ स्कॅनरच्या काचेवर असे चार फोटो बसतील असं वाटतं, पण बसत नाहीत: १५ आणि १५ मिळून ३० सेंमी, काच २९.७ ची, आणि प्रत्यक्षात फोटो १५ पेक्षा किंचित लांबच असतो. दोन उभे शेजारी आणि त्यांच्या खाली एक आडवा, असे तीन नीट बसतात. काच दर २०-२५ फोटोंनंतर कोरड्या मऊ कापडानं पुसा. एक केस राहिला तर तो पुढच्या प्रत्येक फोटोवर त्याच जागी येतो. फाइलचं नाव सालापासून सुरू करा, साल नक्की नसेल तर दशक लिहा.

पाऊलवाट

फार उपयोगी. एक अडचण आहे. दोन अल्बम चिकट पानांचे आहेत, वर पारदर्शक कागद असतो ते. फोटो निघत नाहीत, कोपरा उचलला की वाकतो.

जुनी_पेटी

कोपरा सोडा! तिथेच फोटो मोडतो आणि मोडलेली पांढरी रेघ कायमची राहते.

आधी प्रत्येक पानाचा जसंच्या तसं फोनवर फोटो घ्या, पारदर्शक कागद उचलून. फोटोंचा क्रम आणि शेजारचं हस्ताक्षर हीच अर्धी माहिती असते, फोटो सुटे झाले की ती गेली. मग दात साफ करायचा दोरा, मेण न लावलेला, हातभर घ्या. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा, फोटोच्या वरच्या कडेखाली घाला आणि करवतीसारखा डावीउजवीकडे हलवत सावकाश खाली आणा. दोरा पानाला चिकटून चालला पाहिजे, फोटोच्या पाठीला नाही. अडला तर जोर लावू नका, दुसऱ्या कडेनं या. तरीही हलला नाही तर तो फोटो पानासकट स्कॅन करा, पान काचेवर मावत असेल तर. केस वाळवायच्या यंत्रानं ऊब देऊन गोंद सैल होतो खरा, पण जास्त तापलं की फोटोचा थर मऊ पडतो. एकुलत्या एका फोटोवर हा प्रयोग नको.

मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, ते वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर लिहा, तेही फोटो आत घालण्याआधी. काम संपलं की तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. चार घरं आहेत, एवढी सोय कुणाला मिळते!

काठावरून

तलाव आहे म्हणून लिहितोय, आणि हे कृपया सगळ्यांना वाचून दाखवा. मोठी माणसं खूप असली की मूल सुरक्षित असतं हा समज घातक आहे. काठावर बारा जण असतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, हात हलवून हाक मारणं त्याला शक्यच नसतं. म्हणून पाण्यावर नजर ठेवणारा माणूस नावानिशी ठरवा. पाळी १५ मिनिटांची, हातात फोन नाही, गप्पा नाहीत. गळ्यात शिटी अडकवा, पाळी बदलताना ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. शिटी ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची, त्यात संशय उरत नाही. पाच वर्षांखालचं मूल हात लांब केला की पोचेल इतक्याच अंतरावर. हवा भरलेली टायर आणि दंडात घालायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांवर भरवसा नको; मापाचं लाइफ जॅकेटच लागतं. कुणी बुडू लागलं तर मागोमाग उडी मारू नका. काठी, दोरी, तरंगणारा डबा, जे असेल ते पुढे करा.

ऊन: वय झालं की तहान कमी लागते, म्हणून विचारून पाणी देण्यात अर्थ नाही. तासातासाला पेला हातात द्या. अर्थात ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितलंय ते सोडून. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा झोकांड्या खातोय, तर तो उष्माघात धरा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन अंग ओलं करून वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास चढू शकतं, त्यामुळे "दोन मिनिटांत येतो" म्हणून मुलाला किंवा झोपलेल्या आजीला गाडीत सोडायचं नाही. इन्शुलिनही गाडीत राहू देऊ नका.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, हवा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. मोठ्या पातेल्यात उरलेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि तिथेच ते बिघडतं. उथळ भांड्यांत, चार-पाच सेंमी थरात पसरून ठेवा. हगवण लागली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलीचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. ओआरएसची तयार पुडी मिळाली तर तीच बरी.

हिशोबवही

दुपारची_सावली यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण तिन्ही किशोरवयीन मुलांना मोठ्यांच्या तुकड्यांत वाटून टाकू नका. त्यांची एकत्र तुकडी करा आणि एक अख्खा दिवस त्यांच्या हाती द्या. बाकीच्या तुकड्यांची एक पाळी त्यानं वाचते. मोठ्यांच्या तुकडीत ती फक्त सांगकामी होतात आणि तिसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर येत नाहीत. विस्तवापाशी एक मोठं माणूस असू द्या, मात्र त्यानं बोलायचं नाही.

खर्च डोक्यांवर सरसकट वाटला की दोनच रात्री राहणारा कुरकुरतो. घरभाडं आणि जेवण वेगळं ठेवा. भाडं खोल्यांवर. जेवण 'माणूस-रात्री'वर: मोठ्याला १, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धा, त्याखाली शून्य. दोन मोठे आणि एक आठ वर्षांचं मूल चार रात्री राहिले तर २.५ × ४ = १०. एकटा माणूस दोन रात्री राहिला तर २. सगळ्यांची बेरीज करून जेवणाच्या एकूण खर्चाला त्या बेरजेनं भागा, एका वाट्याचा दर मिळतो. गाडीचं इंधन त्या गाडीत बसलेल्यांनी वाटावं. हे निघण्याआधी लिहून सगळ्यांना पाठवा, कारण तिथे गेल्यावर पैशांचा विषय काढायला कुणालाच नको वाटतं. आजी-आजोबांचा वाटा कोण उचलणार हेही त्यातच लिहा.

एकत्र फोटो सगळे हजर असलेल्या पहिल्या संध्याकाळी काढा. शेवटच्या दिवशी कुणीतरी पहाटेच निघालेलं असतं. सूर्यास्ताआधी तासभर, किंवा झाडाची सावली पूर्ण सगळ्यांवर येईल तिथे. अर्धे सावलीत आणि अर्धे उन्हात असले की कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत. तीन रांगा: खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभे, पुढे बसलेली मुलं. फोनचं अतिरुंद भिंग (अल्ट्रावाइड) वापरू नका, कडेची माणसं रुंद दिसतात; मुख्य भिंगावर राहून मागे सरका. कॅमेरा असेल तर छिद्र (अॅपर्चर) एफ-८ आणि फोकस मधल्या रांगेवर. डोळे मिटण्याचा एक ढोबळ हिशोब आहे: वीसपर्यंत माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागा, कमी उजेडात दोननं, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची बरीच शक्यता असते. तुम्ही २३, तेव्हा निदान बारा-पंधरा काढा. रांगा आधी तरुणांनी उभं राहून आखून घ्या, मग ज्येष्ठांना खुर्चीत बसवा, आणि दीड वर्षाचं बाळ अगदी शेवटी, टायमर लावायच्या क्षणी, आईच्या कडेवर.