लेजंडरी की डीसी डेक-बिल्डिंग: दोघांत कुठला डाव रंगतो?

पानपिसे
डॉमिनियन हा पत्त्यांचा खेळ येतो, आता तसाच सुपरहिरोंचा डेक-बिल्डर (डावात पानं घेत आपला डेक, म्हणजे पानांचा गठ्ठा, बांधायचा खेळ) घ्यायचाय. बहुतेक वेळा दोघंच, अधूनमधून चौघं. यादीत तीन आहेत: मार्व्हलचा 'लेजंडरी', 'डीसी कॉमिक्स डेक-बिल्डिंग गेम' आणि 'मार्व्हल चॅम्पियन्स'. मार्व्हल भारी की डीसी हा वाद नको. मांडायला किती वेळ लागतो, दोघांत मजा टिकते का आणि कुठल्यात काय फसतं, एवढंच सांगा.

हुकमी_एक्का
चॅम्पियन्स आधी बाजूला काढा. त्यात डेक डावाआधीच बांधून ठेवायचा: ४० ते ५० पानं, त्यातली १५ हिरोची ठरलेली, बाकीची ॲग्रेशन, जस्टिस, लीडरशिप, प्रोटेक्शन अशा पानांच्या गटांपैकी एकाची आणि बेसिक, म्हणजे कुणालाही चालणारी. डावात विकत काहीच घेत नाही, हातातलीच पानं टाकून दुसऱ्या पानाची किंमत भरायची. खेळ सुरेख आहे, पण डॉमिनियनवाल्यांची खरेदीची खाज त्याने भागणार नाही.

उरलेले दोन्ही २०१२ चे, दोन्हीत पाच पानं समोर उघडी. साम्य तेवढंच.

डीसीत प्रत्येकाला १० पानं, ७ पंच (पॉवर देणारी) आणि ३ व्हल्नरेबिलिटी (बिनकामाची), आणि हात पाचाचा. चलन एकच, पॉवर. हिरो असो वा व्हिलन, तेवढी पॉवर भरली की पान तुमच्या ढिगात जातं आणि पुढे तुमच्याच कामाला येतं. सुपर-व्हिलनांची ८ पानं, सगळ्यात वर कायम रास अल घुल. ती संपली की गुण मोजायचे. पाच मिनिटांत मांडून होतो.

लेजंडरीत चलनं दोन: रिक्रूटने हिरो घ्यायचे, अटॅकने व्हिलन पाडायचे. सुरुवातीला ८ एजंट (रिक्रूट देणारे) नि ४ ट्रूपर (अटॅक देणारे), हात सहाचा. सगळे मिळून एका मास्टरमाइंडला, म्हणजे मुख्य खलनायकाला, चारदा हरवतात. त्याची स्कीम (कारस्थानाचं पान) तडीस गेली तर सगळेच हरले. जिंकलात तरच कोणाचे गुण जास्त ते बघायचं. थोडक्यात, डीसीत एकमेकांची जिरवायची, लेजंडरीत मिळून जिरवायची.

चौथा_भिडू
लेजंडरीचं खरं दुखणं मांडणी आणि आवराआवर. दोघांसाठी व्हिलन डेक असा लावा: व्हिलनांचे २ गट (प्रत्येकी ८ पानं), हेंचमनचा, म्हणजे चिल्लर गुंडांचा, १ गट (१० पानं), २ बायस्टँडर (व्हिलनच्या तावडीत सापडणारे सामान्य लोक), ५ मास्टर स्ट्राइक (मास्टरमाइंडचे हल्ले), शिवाय स्कीमवर लिहिले असतील तेवढे ट्विस्ट (स्कीम पुढे नेणारी पानं). ट्विस्ट ८ धरले तर ४१ पानं. हिरो डेक ५ हिरोंचा, प्रत्येकाची १४, म्हणजे ७०. हे सगळं नीट पिसायचं आणि खेळून झालं की पुन्हा गटागटाने वेगळं करायचं. प्रत्येक हिरोमागे नावाची चिठ्ठी लावलेला विभाजक ठेवलात तर दहा-पंधरा मिनिटांत आटपतं. नाहीतर दुसऱ्यांदा डबा उघडायचाच कंटाळा येतो.

मास्टरमाइंड पहिल्या डावाला रेड स्कल घ्या, त्याची ताकद ७ आहे. लोकीची १०, तो नंतर.

नवशिक्यांची ठरलेली चूक शहरात, म्हणजे व्हिलनांच्या पाच घरांच्या रांगेत, होते. नवा व्हिलन स्युअर्समध्ये शिरतो. पुढे बँक, रूफटॉप्स, स्ट्रीट्स, ब्रिज. समजा बँकेत एक बसलाय आणि स्युअर्स रिकामं आहे. नवा आला तरी बँकेतला जागचा हलत नाही. धक्का लागतो तो जागा भरलेली असली तरच. पुष्कळ जण दर चालीला सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवतात, मग ब्रिजवरून भराभर सुटतात आणि 'खेळ फार अवघड' अशी बोंब होते. व्हिलन सुटला की समोरच्या पाचांतला ६ किंवा कमी किमतीचा एक हिरो बाद होतो, आणि सुटलेल्या व्हिलनकडे बायस्टँडर असेल तर प्रत्येकाला एक पान टाकावं लागतं, म्हणून ही चूक महागात पडते.

पानपिसे
आणि हिरो कुठले घ्यायचे? चिठ्ठ्या टाकून चालेल?

चौथा_भिडू
चालेल, पण रंग बघा, म्हणजे पानावरचं चिन्ह. बऱ्याच पानांची खास ताकद त्याच चालीत त्या चिन्हाचं दुसरं पान आधी उतरलं असेल तरच लागू होते. पाच हिरोंचे रंग पाच दिशांना असले तर ती क्वचितच जुळते. म्हणून दोन-तीन हिरो एका रंगाचे किंवा एकाच टीमचे असू द्या. मास्टरमाइंड मॅग्नेटो असेल तर एक्स-मेन टीमचे हिरो हवेतच: त्याच्या मास्टर स्ट्राइकला एक्स-मेनचं पान दाखवता आलं नाही तर हातात चारच पानं उरतात.

जखमांच्या पानांना घाबरू नका. चालीत काही घेतलं नाही आणि कोणाशी लढलाही नाहीत, तर हातातल्या सगळ्या जखमा बाद करता येतात. एक चाल फुकट जाते, पण तीन जखमा असतील तर बिनधास्त घालवा.

हुकमी_एक्का
डीसीची दुसरी बाजू. दोघांत प्रत्येक हल्ला एकाच माणसावर येतो, त्यामुळे त्याच्या डेकमध्ये वीकनेस नावाची निकामी पानं साचतात. एकेका वीकनेसचा उणे १ गुण, शिवाय ते पान हातात नुसतं अडून बसतं. पान कायमचं घालवण्याची सोय थोड्याच पानांत आहे, तेव्हा हीट व्हिजनसारखं पान दिसलं की सोडू नका.

दुसरं, समोरची पाच पानं आपोआप बदलत नाहीत. पाचही महागडी आली की डाव तुंबतो. मग किक हे पान घ्या: किंमत ३, पॉवर २, वेगळ्या ढिगात कायम हाताशी. आणि विकत घेतलेल्या पानाची जागा चाल संपल्यावरच भरायची, मध्येच नाही. ही चूक बऱ्याच टेबलांवर दिसते. सुरुवातीला प्रत्येकाला आपापला हिरो वाटतानाही जरा बघा. बॅटमॅनला खेळलेल्या प्रत्येक इक्विपमेंटच्या (साधनाच्या) पानामागे १ पॉवर जास्त मिळते. इक्विपमेंट येतच राहिलं तर समोरचा भिडू नुसता बघत बसतो.

दोघांसाठी माझं मत लेजंडरीला. चौघांत आपल्या चालीची वाट बघणं जिवावर येत असेल तर डीसी घ्या, आणि ८ ऐवजी ६ सुपर-व्हिलन ठेवा.