जुन्या शाळेचे डाव नव्या सरांना सांगायचे का?

माहेर परळ:
आमची परळची चाळ पुनर्विकासाला गेली आणि मागच्या जूनमध्ये आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहायला आलो. मुलगी आठवीत आहे, कबड्डी खेळते, बचावात डावा कोपरा सांभाळते. सकाळच्या लोकलच्या गर्दीत तिला रोज परळला पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून शाळा बदलली. नव्या शाळेने आठवड्याभरात संघात घेतलं. रविवारी मात्र ती परळच्या मंडळात सरावाला जाते. मेगाब्लॉक असला तरी जाते.

आता दोन्ही शाळा चौदा वर्षांखालच्या विभागीय स्पर्धेत पोचल्यात आणि समोरासमोर येऊ शकतात. परवा नव्या सरांनी सगळ्या मुलींसमोर हिला विचारलं, "त्यांची चढाईपटू कशी खेळते, सांग." ती चढाईपटू म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतली, हिची बालवाडीपासूनची मैत्रीण. बोनसला, म्हणजे जादा गुणाची रेषा गाठायला, जाताना ती आधी उजवा खांदा खाली टाकते, हे हिला पाठ आहे. ही गप्प राहिली. घरी येऊन जेवली नाही.

माझं म्हणणं: तिने सांगू नये, आणि सरांनी विचारूच नये. तुम्हाला काय वाटतं?

शिट्टी:
ताई, मी पटत नाही म्हणणार. वीस वर्षं मुलं खेळवली आहेत. समोरच्याचा खेळ ओळखणं हाच खेळ आहे, त्यात चहाडी कसली? चंदगडचा सिद्धार्थ देसाई प्रो कबड्डीत २०१८ला यू मुम्बाकडून खेळला आणि पुढच्याच हंगामात तेलुगू टायटन्सने त्याला एक कोटी पंचेचाळीस लाखांना घेतलं. त्याने जुन्या संघाची माहिती पोटात ठेवायची होती का? ज्या शाळेची जर्सी अंगात, तिचं काम करायचं.

गिरणगाव:
शिट्टी सर, सिद्धार्थ मोठा माणूस, व्यवसाय म्हणून खेळतो. लिलावात नाव द्यायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. या पोरीला कोणी विचारलं होतं? चाळ रिकामी करायची तारीख आली, टेम्पोत सामान चढलं, शाळा बदलली. घर गेलं, मैदान गेलं. मैत्रीण तेवढी उरलीय, तीही संघासाठी द्यायची का? तेरा वर्षांच्या मुलीकडे एवढं मागू नका.

लाल माती:
सांगावं की नाही यापेक्षा मला रविवारचं परळ जास्त खटकतं. शालेय स्पर्धेत प्रश्न नाही, जिथे शिकते तिथूनच खेळणार. पण किशोरी, म्हणजे लहान मुलींच्या, गटाची राज्य स्पर्धा जिल्ह्यांच्या संघांमध्ये होते. मुंबई शहर की ठाणे, एकच ठरवावं लागेल. दोन्हीकडे पाय ठेवून निवड चाचणीच्या दिवशी पोरं रडताना पाहिलीत. डोंबिवलीत मंडळ शोधा. कठोर वाटेल, पण तिच्या भल्याचं सांगतोय.

खोखोवाली:
माझा अनुभव सांगते. मी नववीत दादरहून ठाण्याला गेले. जुन्या शाळेविरुद्ध सामना लागला. मी कुणाला काही सांगितलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण मैदानात माझी जिवलग मैत्रीण माझ्यापुढून पळत होती, हात लांबवला असता तर बाद होती, आणि मी हात आखडता घेतला. कुणाला दिसलं नाही. तिला दिसलं. सामन्यानंतर नळावर ती मला म्हणाली, "मी एवढी वाईट खेळते का गं?" दोन वर्षं बोलली नाही. ताई, मुलीला गप्प राहू द्या, पण आत उतरल्यावर सोडायचं नाही एवढं तिला नक्की सांगा.

शिट्टी:
खोखोवाली ताई, हे वाचून थांबलो. सरांनी चारचौघींत विचारलं ते चुकलं, हे मान्य. पण बाकीचं मान्य नाही, कारण कबड्डीत कोपरा एकटा नसतो. हिचा हात शेजारच्या मुलीच्या हातात असतो. खांदा पडलेला पाहून ही चढाईपटूच्या घोट्याला झेपावली आणि शेजारचीला ठाऊकच नसलं, तर साखळी तुटते. ती मुलगी फरपटत जाते, मनगट नाहीतर गुडघा दुखावून घेते. तीही तेराच वर्षांची आहे. तिच्याशी काहीच नातं नाही का? सरांना सांगू नकोस, पण जिचा हात धरतेस तिला सांग.

गिरणगाव:
हे शेजारच्या मुलीचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी निर्णय पोरीचाच. घाई करू नका.

माहेर परळ:
सगळ्यांचे आभार. शिट्टी सरांचा दुसरा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री तिने स्वतःच मैत्रिणीला फोन लावला. तिकडूनही तेच निघालं! जुन्या सरांनी मैत्रिणीला विचारलं होतं आणि तिने सांगूनही टाकलं होतं, की ही घोट्याला जाताना अर्धं पाऊल लवकर निघते. माझी मुलगी बराच वेळ फोन कानाला लावून नुसती बसली होती. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता मीपण सांगते."

आज संध्याकाळी संघात हिचा हात धरणारी ती मुलगी घरी आली. दोघी गच्चीत हात धरून उभ्या होत्या आणि ही तिला खांदा टाकून दाखवत होती, पुन्हा पुन्हा.

सरांनी विचारायला नको होतं, हे माझं मत तसंच आहे. लाल माती, जिल्ह्याचं अजून ठरलं नाही. येत्या रविवारी ती परळला जाणार आहे, मीही सोबत जाते.