मदत हवी आहे: डबघाईला आलेल्या कंपनीने पैसा जाहिरातीवर घालावा की संशोधनावर?

नमस्कार मंडळी. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी वर्गात ॲपलच्या १९९७ च्या संकटावर बोलायचंय आणि एका ठिकाणी घोडं अडलंय.

त्या वर्षी ॲपलला सुमारे १०० कोटी डॉलरचा तोटा झाला. तरी सप्टेंबरात 'थिंक डिफरंट' ही मोहीम आली, आणि टीव्हीवरच्या त्या जाहिरातीत एकही कॉम्प्युटर नव्हता! उलट संशोधनाचा खर्च १९९६ मधल्या ६० कोटींवरून १९९८ मध्ये जवळपास ३० कोटींवर आणला. न्यूटन हा हातात धरायचा छोटा कॉम्प्युटर बंद, कितीतरी मॉडेलं छाटली. त्याच वर्षी आयमॅक हा नवा कॉम्प्युटर आला आणि धो धो खपला.

आमचे सर म्हणतात, जाहिरातीने तारलं. मला हे काही केल्या पटत नाही. ४० कोटींहून जास्त डॉलर मोजून नेक्स्ट कंपनी घेतली, तिच्याच सॉफ्टवेअरवर पुढे ॲपलच्या कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टीम, मॅक ओएस टेन, उभी राहिली. म्हणजे संशोधन बाहेरून विकतच आणलं ना? वहीत दोन्ही आकडे शेजारी मांडलेत, पण ही खरेदी संशोधनात धरायची का तेच कळत नाही. ताळेबंद नीट वाचता येणारं कुणी सांगाल का? आणि विकायला नवं काही हातात नसताना जाहिरातीवर किती खर्च करावा?